मूल म्हणजे विश्वासाची पावती नव्हे

लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आमच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘तुमची प्रार्थना कमी पडते’ हे एक. ‘देवाच्या मनात असेल तेव्हा देईल, डॉक्टरांच्या मागे कशाला लागता?’ हे दुसरं. बोलणारी माणसं आपलीच असतात, मायेचीही असतात. वाडीतल्या खुरसापुढची लदीन, म्हणजे क्रूसापुढची सामुदायिक प्रार्थना, संपते, उकडलेले चणे वाटले जातात, आणि चणे हातावर घालता घालता एखादी काकी त्या सुनेला हळूच विचारते, ‘काय गो, अजून काय नाय?’ ती बिचारी हसते आणि पुढच्या लदिनीला येत नाही. ही दोन्ही वाक्यं मला खोटी वाटतात. ती ख्रिस्ताच्या नावावर बोलली जातात, म्हणून त्यांना उत्तरही देवळाच्या आतूनच दिलं पाहिजे.

पहिल्या वाक्यामागचा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. देव नीतिमानांना आशीर्वाद देतो, मूल हा आशीर्वाद आहे, म्हणून ज्यांना मूल नाही त्यांच्या नीतीत किंवा विश्वासात कुठेतरी खोट असणार. संत लूकच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय हा युक्तिवाद मोडून काढतो. जखऱ्या आणि अलीशिबा दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान होती, असं लूक आधी सांगतो, आणि त्यांना मूल नव्हतं हे लगोलग पुढे सांगतो. जखऱ्या तर स्वतः याजक होता. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ज्याच्या गुरूने हा प्रश्नच फेटाळला, त्याने तो दुसऱ्याच्या घरी जाऊन विचारावा, हे मला कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रार्थनासभेत आम्ही साक्षी ऐकल्या आहेत, नऊ दिवसांची नोव्हेना केली आणि वर्षभरात मूल झालं. झालं असेल, त्या आईबापांचा आनंद खरा आहे आणि त्यांनी देवाचे आभार मानले यात गैर काही नाही. पण तीच नोव्हेना, तेवढेच उपवास करून ज्यांना मूल झालं नाही, त्यांना कुणी माइकपाशी बोलावत नाही. फक्त एका बाजूच्या साक्षी ऐकून काढलेला निष्कर्ष कोर्टातही टिकणार नाही. आणि या आशेचा बाजार किती वाईट थराला जातो, याची कल्पना हवी असेल तर महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचावा. दैवी शक्तीने मूल देतो असं सांगून स्त्रीचं लैंगिक शोषण करणं हा गुन्हा त्याच्या अनुसूचीत वेगळा नमूद करावा लागला. फसवणारा कुठल्याही धर्माचा असो, फसणाऱ्या बाईला आधी पटवलेलं असतं की दोष तिचाच आहे. ते पटवण्यात आपला वाटा किती, हे आपण तपासायला हवं.

मग नवस, फेस्त हे सगळं टाकून द्यायचं का? मी तसं म्हणत नाही. गोव्यात तळावलीच्या सांत आनाच्या देवळात जुलैअखेरीस तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त भरतं. मूल हवं असलेली जोडपी तवसं अर्पण करतात आणि मरियेच्या आईपाशी आपलं मागणं मागतात. सांत आना आणि तिचा नवरा जोकीम यांची कथा बायबलात नाही, ती याकोबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्राचीन ग्रंथात येते. त्या कथेत जोकीम मंदिरात अर्पण घेऊन जातो तेव्हा त्याला अडवतात, कारण त्याला संतान नाही. अपमान होऊन तो रानात निघून जातो. म्हणजे ज्या दांपत्याचा सण चर्च 26 जुलैला पाळतं, त्यांना देवाच्या दारातूनच माणसांनी मागे फिरवलं होतं. तवसं घेऊन जाणाऱ्या जोडप्याला मी हसणार नाही. त्यांना वाटेत ‘अजून काय नाय?’ विचारणाऱ्याला मात्र जोकीमची ही गोष्ट सांगेन.

दुसरं वाक्य, डॉक्टरांकडे जाऊ नका हे, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या तोंडी तर शोभतच नाही. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी सेंट लूक्स हॉस्पिटल चालवलं, आणि ज्या लूकचं नाव त्याला दिलं तो परंपरेने वैद्यच मानला जातो. मिरजेला डॉ. वानलेस यांनी तेच केलं. कोकणात आणि घाटावर ख्रिस्ती श्रद्धा अनेक ठिकाणी औषधाची बाटली हातात घेऊनच आली. तीच श्रद्धा आज औषधाच्या आड कशी येईल?

आणि डॉक्टरांकडे जायचं म्हणजे दोघांनी जायचं. एका ओळखीच्या घरात मी रिपोर्टांची फाइल पाहिली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कोपरे मऊ पडलेली, कुडाळपासून गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलापर्यंत फिरून आलेली. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, सगळं होतं आणि सगळं तिच्या नावाचं. नवऱ्याच्या नावाचा एक कागद नव्हता. वीर्यतपासणी ही या सगळ्यात सर्वांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, मोठेपणी झालेले गालगुंड, तंबाखू, यांतलं काहीही असू शकतं. बाईच्या बाजूने पाहिलं तर आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हे एक मोठं कारण आहे, आणि तो अनेकदा खोकल्याशिवाय, तापाशिवाय आत बसून राहतो. त्याला औषध आहे, पण त्याने नळ्या निकामी करण्याआधी तो सापडायला हवा. ‘देव देईल तेव्हा देईल’ म्हणत घालवलेली वर्षं इथे महाग पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. एवढ्या सगळ्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायचं असेल, तर म्हणणाऱ्याने आपल्या विश्वासाचा आकार मोजून घ्यावा.

आता विरुद्ध बाजूच्या मित्रांशी दोन शब्द. ते म्हणतात, मग श्रद्धा हवीच कशाला? तपासणी करा, उपचार घ्या, नाही झालं तर पुढे चला. यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. पण ‘नाही झालं’ आणि ‘पुढे चला’ यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे माणूस वर्षानुवर्षं राहतो. दर महिन्याला आशा आणि दर महिन्याला सुतक, असं ते आयुष्य असतं. या सुतकाला कुणी भेटायला येत नाही, कारण मेलेलं कुणीच नसतं. इथे श्रद्धेचं काम सुरू होतं, आणि जुन्या करारातल्या हन्नाची गोष्ट ते इतक्या बारकाईने दाखवते की ती पुन्हा पुन्हा वाचावी.

हन्नाला मूल नाही. तिचा नवरा एलकाना तिच्यावर प्रेम करतो, जेवणाच्या वेळी तिला खास वाटा देतो. पण आपलं प्रेम तिला पुरायला हवं, असं त्याला वाटतं. सवत पनिन्ना टोचून बोलते. हन्ना जेवण टाकून मंदिरात जाते आणि नुसते ओठ हलवत रडते. एली याजकाला वाटतं ही बाई प्यायली आहे. घर, सवत, मंदिर, तिघांनाही तिचं दुःख कळलेलं नाही. ती एलीला ठामपणे सांगते की मी प्यायलेले नाही, मी माझं मन देवापुढे ओतते आहे. मग एली चूक सुधारतो. ती काय मागत होती हे न विचारताच तो तिला आशीर्वाद देतो. पुढचा तपशील आपण सगळे गाळतो. हन्ना उठते, जेवते, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहत नाही. पुढे तिला होणारा मुलगा शमुवेल तेव्हा पोटात नाही. काहीच बदललेलं नाही. तरी ती जेवली. मूल न होता तिला जे मिळालं, ते श्रद्धेचं देणं आहे, आणि ते खोटं आहे असं मला कुणी सिद्ध करून दाखवावं. ज्यांची कूस कधीच भरली नाही, त्यांच्यासाठी यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात आणखी एक वचन आहे: ज्या षंढांना संतती होणार नाही, त्यांनाही देव आपल्या घरात जागा देईल आणि मुलामुलींहून मोठं नाव देईल.

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. कॅथलिक चर्चने 1987 च्या पत्रकात शरीराबाहेरचं फलन नाकारलं. पतिपत्नीच्या संबंधाला मदत करणारे, पण त्याची जागा न घेणारे उपचार नाकारले नाहीत. मूल हा कुणाचा हक्क नाही, ती देणगी आहे, हा त्यामागचा विचार मला खोल वाटतो. गोठवलेल्या आणि टाकून दिलेल्या भ्रूणांचा प्रश्न खरा आहे. पण तीच शिकवण असंही सांगते की कशाही प्रकारे जगात आलेलं मूल देणगी म्हणूनच स्वीकारायचं. तेव्हा त्या वाटेने गेलेल्या जोडप्याबद्दल बाप्तिस्म्याच्या दिवशी कुजबुज करणाऱ्याने चर्चच्या शिकवणीचा आधार घेऊ नये.

दत्तकाबद्दल मात्र आपण फारच कमी बोलतो. ‘ख्रिस्ती माणसाला कायद्याने दत्तक घेता येत नाही’ असं अजूनही ऐकू येतं. एके काळी 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, हे खरं आहे. पण पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ख्रिस्ती जोडप्यांचा दत्तकाचा हक्क मान्य केला, आणि बालन्याय कायद्याने तो सर्व धर्मांना खुला केला. आज नोंदणी कारा या केंद्रीय संस्थेकडे होते, सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात. दत्तक म्हणजे हरल्यावरची सोय असं कुणी मानू नये. येशूला वाढवणारा योसेफ त्याचा जन्मदाता नव्हता.

2005 साली आपल्या जिल्ह्याच्या नावाचा वेगळा धर्मप्रांत झाला. त्यातल्या सगळ्या फादरांना माझी विनंती आहे: लग्नाआधीच्या वर्गात एक तास डॉक्टरांना द्या, आणि वर्षभर वाट पाहूनही मूल झालं नाही तर दोघांनी एकदम तपासून घ्यायचं, पस्तिशीपुढच्या बाईने सहा महिन्यांतच, हे तिथेच सांगा. 26 जुलैच्या मिस्सेत मूल नसलेल्या जोडप्यांसाठी प्रार्थना करा, काहीही कबूल न करता. आणि वाडीतल्या आयाबायांनो, पुढच्या लदिनीला त्या सुनेच्या हातावर चणे घाला, तिला शेजारी बसवून घ्या, आणि तो प्रश्न विचारू नका.