राखीव जागा शहरात, बौद्धवाडा गावात

२०२४ साली बारामतीकरांनी दोन तमाशे पाहिले. लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय, विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या. घर फुटलं म्हणून अख्खा महाराष्ट्र हळहळला. आणि आमचा माणूस? तो रांगेत उभा राहून ठरवत होता, एकाच घरातल्या कुणाच्या पदरात मत टाकायचं. १९६७ पासून २०२४ पर्यंत बारामतीच्या विधानसभेच्या जागेवर दर वेळी एकाच आडनावाचा माणूस निवडून आला. शेजारी इंदापुरात २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा झुंज त्याच दोघांची. हर्षवर्धन पाटील पहिल्यांदा काँग्रेसचे, मग भाजपचे, मग शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. झेंडा दर वेळी नवा, जोडी तीच. ह्याला लोकशाही म्हणायचं तर म्हणा. आम्ही ह्याला भाऊबंदकी म्हणतो, आणि भाऊबंदकीच्या वाटणीत गावकुसाबाहेरच्याला बांधावरच उभं करतात.

आता नकाशा उघडा. बारामती लोकसभेत सहा विधानसभा येतात: बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर, खडकवासला. एकही राखीव नाही. पुणे जिल्ह्यात एकवीस आमदार, त्यातल्या राखीव जागा दोन, पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. २००८ च्या आधी पर्वती राखीव होती, तीही शहरातच. पिंपरीच्या, कॅम्पातल्या भावांशी आमचं भांडण नाही. त्यांना जागा हवीच. पण नीरेच्या डाव्या कालव्याखाली दुसऱ्याचा ऊस खुरपणाऱ्या बाईनं, सुप्याकडच्या जिरायतीत टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीनं, गायरानाच्या नोटिशीचा कागद हातात धरून बसलेल्या म्हाताऱ्यानं काय एसटी पकडून पिंपरीला जायचं, आपला आमदार शोधत?

बावडा आठवतंय ना? इंदापूर तालुक्यातलं गाव. १९७२ साली तिथं बौद्धांवर बहिष्कार पडला. आणि गाव कुणाचं? तालुक्याचे आमदार शंकरराव बाजीराव पाटील यांचं. परभणीच्या ब्राह्मणगावात त्याच सुमाराला आमच्या बायांची धिंड निघाली. ह्या संतापातून त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. पँथरला उभं राहावं लागलं, कारण विधानसभेत आमच्या नावानं बसलेल्यांच्या तोंडाला कुलूप होतं. कुलूप का होतं, हा खरा सवाल. तोंड राखीव होतं, पण मतं त्यांची होती. ज्याच्या मतांवर खुर्ची, त्याच्या अंगावर कोण भुंकणार?

ह्याची मुळं येरवड्यात आहेत. १९३२ च्या पुणे करारानं जागा ७१ च्या १४८ केल्या, पण निवडायचा हक्क सगळ्यांच्या हातात दिला. तरी १९३७ ला मुंबई इलाख्यात एक फट उरली होती. मतदारसंघ अनेक सभासदांचे होते, आणि जितक्या जागा तितकी मतं एका मतदाराला. ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला देता येत. आमच्या माणसानं आपली मतं आपल्याच माणसाच्या नावावर ओतली. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष विधिमंडळात गेला, पुणे जिल्ह्यातून रा. रा. भोळे गेले. गेल्या गेल्या त्याच सालात बाबासाहेबांनी खोती मोडायचं आणि महार वतनाचं बिल मांडलं. आपल्या मतावर निवडून आलेला माणूस असा बोलतो.

स्वातंत्र्य आलं, फट बुजली. १९५२ ला दोन सभासदांचे मतदारसंघ राहिले, पण दोन्ही मतं एकाला द्यायची बंदी. दुसरं मत परक्याला द्या नाहीतर वाया घालवा. उलट सवर्णाचं दुसरं मत आमच्या राखीव जागेचा निकाल लावणार! अशाच मतदारसंघात, मुंबईत, खुद्द बाबासाहेबांना पाडलं.

मग १९५७ ला गंमत झाली. आंध्रातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागा आदिवासींनी जिंकल्या. पुढं राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले आणि कोर्टात गेले. १९५९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आदिवासी उमेदवार सर्वसाधारण जागेवरही रीतसर निवडून येऊ शकतो. आणि १९६१ ला दोन सभासदांचे मतदारसंघच कायद्यानं रद्द! योगायोग समजायचा तर समजा.

बाबासाहेबांनी १९५५ सालीच, भाषावार राज्यांवर लिहिताना, उपाय सांगून ठेवला होता: एका सभासदाचे मतदारसंघ मोडा, दोन-तीन सभासदांचे करा आणि मतं एकवटायची मोकळीक द्या. दर जयंतीला डीजे लावणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी हे पान उलटलंय?

हिशोब साधा आहे. तीन जागांच्या मतदारसंघात मतं एकवटणाऱ्या गटाला पाव हिश्श्याहून थोडं जास्त मतदान पुरतं. बारामती-इंदापूर-दौंड एक केले तर एकट्या बौद्धांना तेवढं जमणार नाही, खोटं कशाला बोलायचं. मातंग, चर्मकार, होलार, रामोशी, पारधी, भूमिहीन मराठा-धनगर यांना धरून उभं राहावं लागेल, आणि आमच्यातल्या आमच्यात जे चाललंय ते थांबवावं लागेल. पण लोकसभेच्या सहाही जागा मिळून एक मतदारसंघ केला, तर सातव्या हिश्श्याहून थोड्या जास्त मतांवर एक आमदार हक्कानं येतो. त्याला कुठल्या वाड्याचा उंबरा झिजवायला नको, साखर कारखान्याच्या चेअरमनला हात जोडायला नकोत.

कुणी म्हणेल, शहरात चार-चार सभासदांचे प्रभाग झाले की! ते ह्यातलं नव्हे. तिथं अ, ब, क, ड, प्रत्येक जागेला वेगळं मत, एकवटायला मनाई. पॅनेलवाल्याचं राज्य. एवढ्या पसरट मतदारसंघात गरिबानं प्रचार कशावर करायचा, हा आक्षेप मात्र खरा आहे. गाड्या कारखानदारांकडं आहेत. आमच्याकडं सायकली आणि पोरं. १९३७ ला तर सायकलीसुद्धा नव्हत्या.

मतदारसंघांची पुढची फेररचना येते आहे. नकाशे काढणारे मसुदा जाहीर करतात, हरकती घेतात, सुनावणी लावतात. गेल्या खेपेला तिथं कोण बोललं, कोण गप्प बसलं, ते आपापल्या गावात विचारा. ह्या खेपेला बारामतीच्या आणि इंदापूरच्या प्रत्येक वस्तीतून हरकतीचा एक अर्ज गेला पाहिजे, सह्या-अंगठ्यांसकट. अर्जात दोन मागण्या: ग्रामीण पुणे जिल्ह्यात राखीव जागा, आणि अनेक सभासदांचा मतदारसंघ मतं एकवटायच्या हक्कासकट. दुसऱ्या मागणीला कायदा बदलावा लागेल, आयोगाच्या हातात ते नाही, असं उत्तर येईल. येऊ द्या. ते उत्तर लेखी घ्या, आणि तोच कागद घेऊन मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच थांबवा.