हातोडा आवडीने उचलला असेल तर...



खानदेशातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या स्वतः कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जातात, पती गवंडीकाम करतात. मुलगा बारावीला, अभ्यासात बरा. परंतु मोबाईलवर काही व्हिडिओ पाहून त्याने घरामागे मातीची भट्टी केली आहे, आणि रविवार उजाडला की तो लोखंड तापवून ठोकत बसतो. एक छिन्नी आणि एक खुरपे त्याने केलेही. शेजारीपाजारी विचारतात, ‘पोराला लोहार करता काय?’ ताई लिहितात, ‘आम्ही अंग झिजवून त्याला शिकवतो ते खुर्चीवर बसण्यासाठी, आणि हा हातोडा घेऊन बसतो. भाऊ, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा.’

ताई, दोन शब्द मुलाला सांगीनच. पण त्याआधी दोन शब्द तुम्हाला.

तुमची भीती खोटी नाही. गावगाड्यात कोणी कोणते अवजार हाती धरायचे हे जन्माने ठरत असे. ऐरण लोहाराच्या मुलाची, रंधा सुताराच्या मुलाचा. आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला काय होते, ते इथे पुन्हा सांगायला नको. ते काम आपण सोडले, शाळेची वाट धरली, हे योग्यच झाले. त्यात तसूभरही बदल नको.

मात्र बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये याच प्रश्नाचा उलगडा केला आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. जात कामाची सोयीस्कर वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच बंद कप्प्यांत कोंडते. माणसाचा कल, त्याची आवड ती विचारातच घेत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. म्हणजे दोष हातोड्यात नाही, सक्तीत आहे. तुमच्या मुलावर कोणाची सक्ती आहे काय? त्याने हातोडा आवडीने उचलला आहे. जे काम जन्माने एका घराला जखडले होते, ते दुसऱ्या घरातला मुलगा कुतूहलाने शिकतो, ही मला तरी मागे जाण्याची गोष्ट वाटत नाही.

माझे थोरले मामा रेल्वेच्या कारखान्यात हॅमरमन होते. लोहारखात्यात घण मारणे हे त्यांचे काम. शाळा चौथीपर्यंत. पण तापलेल्या लोखंडाचा नुसता रंग पाहून ते ठोकण्याजोगे झाले की नाही, हे ते सांगत. मी बी.कॉम. होऊन खुर्चीवर बसलो, तरी रविवारी त्यांच्याच अंगणात मी हा छंद शिकलो. म्हणून आज लिहितो आहे ते ऐकीव नाही.

आधी हिशेब. मी कारकून, त्याशिवाय राहवत नाही. बाजारात साधी छिन्नी जेवढ्याला मिळते, त्याहून जास्त पैसे घरी करताना कोळशाला आणि वेळेला लागतात. तेव्हा यातून पैसा सुटेल अशी आशा धरू नये. मग मिळते काय? हवे तसे अवजार मिळते. तुमच्या यजमानांच्या हाताला बसेल अशी छिन्नी, तुमच्या मुठीला बसेल असे खुरपे. मोडलेले अवजार फेकण्याऐवजी पुन्हा उभे करता येते. आणि पुस्तकातले विज्ञान हाताने कळते, हा सर्वात मोठा लाभ.

हा छंद जगात अनेकांना आहे. जावा बेटावर १९०१ साली जन्मलेले अलेक्झांडर वायगर्स हे शिक्षणाने इंजिनिअर. पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आणि भंगारातल्या पोलादापासून हाताने अवजारे करू लागले, इतरांनाही शिकवू लागले. ‘द मेकिंग ऑफ टूल्स’ हे त्यांचे पुस्तक १९७३ सालचे. त्याच वर्षी तिथे ‘आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संघटना स्थापन झाली. इंजिनिअरने हातोडा धरला म्हणून त्याची पायरी खाली गेली, असे तिथे कोणी म्हटले नाही.

आता मुलासाठी. बाळ, पुढचे लक्ष देऊन वाच.

जागा : भट्टी उघड्यावरच हवी. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. त्यामुळे चाळीच्या गॅलरीत किंवा खोलीत हा उद्योग कोणीही करू नये. शहरातल्या मुलांनी गावच्या अंगणाची किंवा ओळखीच्या वर्कशॉपची वाट पाहावी.

साहित्य : जुन्या लोखंडी घमेल्याला आतून माती लिंपली आणि बाजूने वारा आणणारी लोखंडी नळी बसवली की भट्टी झाली. वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा ब्लोअर पुरतो. लोणारी कोळसा पेटायला सोपा. ऐरण म्हणून भंगारातला जड, सपाट पोलादी ठोकळा चालतो. रुळाचा तुकडा फार सोयीचा, पण लाईनच्या कडेला पडलेला तुकडा उचलू नको. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. भंगारवाल्याकडून पावती घेऊनच आण. ऐरण ओंडक्यावर अशी बसव की हात सरळ खाली सोडला असता मुठीची बोटे तिला टेकतील. हातोडा किलोभराचा बस्स झाला.

लोखंड कोणते : इथेच बहुतेकांची फसगत होते. साध्या सळईत कार्बन फार थोडा, शेकडा पाव भाग किंवा त्याहून कमी. ती ठोकायला मऊ, पण तिची धार टिकत नाही. उलट बिडात कार्बन शेकडा दोन भागांहून जास्त, ते हातोड्याखाली फुटते. छिन्नीला मधले पोलाद हवे. गाडीच्या स्प्रिंगमध्ये ते असते, साधारण शेकडा अर्ध्या भागाहून थोडा जास्त कार्बन. गॅरेजमधून काढून टाकलेली स्प्रिंग घ्यावी आणि त्यांच्याकडूनच हातभर तुकडा कापून घ्यावा. गाडीत दाबून बसवलेली स्प्रिंग स्वतः काढायला जाऊ नको, ती सुटली तर हातपाय मोडते.

ठोकणे : तुकडा तापवून आधी सरळ कर. तो हातभर लांब ठेवलास तर दुसरे टोक धरायला गार राहते, सांडशी लागत नाही. रंगाकडे लक्ष ठेव. नारिंगी ते पिवळसर रंगावर ठोकावे. गडद लाल झाला की थांबून पुन्हा भट्टीत घालावे, नाहीतर चिरा जातात. पांढरा होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर ते पोलाद जळाले, तो भाग कापूनच टाकावा लागतो. टोक दोन्ही बाजूंनी ठोकून उतरते कर. मग तीन वेळा लाल करून दरवेळी हवेत सावकाश निवू दे. ठोकण्याने आत बसलेला ताण त्याने निघतो. जास्तीची लांबी कापून टाक आणि कानशीने धार घास. लोखंड तोडायच्या छिन्नीच्या धारेचा कोन साधारण ६० अंश ठेवतात.

पाणी देणे : गावात ज्याला विळ्याला पाणी देणे म्हणतात ते हेच, पण या पोलादाला तेल बरे, पाण्यात ते तडकू शकते. इथून पुढे लांब दांड्याची लोहारी सांडशी मात्र हवी. टोक लाल कर आणि चुंबक लावून पाहा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून किंचित जास्त तापवून धारेकडचा दीड इंच भाग कोमट गोडेतेलात बुडव. भांडे लोखंडी हवे, आणि तेलाने पेट घेतला तर झाकायला झाकण हाताशी हवे. तेलाच्या आगीवर पाणी कधीही ओतायचे नाही. आता कानस धारेवरून घसरली तर पोलाद कडक झाले.

पण कडक म्हणजे टिकाऊ नव्हे. या अवस्थेत ते ठिसूळ असते. ते खाली पडले तरी टवका उडेल. म्हणून धार घासून चकचकीत कर आणि मागच्या बाजूने हळूहळू उष्णता दे. चकाकीवर रंग सरकत येतील : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा रंग धारेपर्यंत आला, म्हणजे सुमारे २८० अंश झाले, की लगेच निववायचे. छिन्नी तयार. हातोडा पडतो ते डोके मात्र मऊच राहू द्यायचे. कडक डोक्याचे तुकडे उडून डोळ्यात जातात.

असे का होते? लाल अवस्थेत कार्बन लोखंडात विरघळतो, एकदम गार केल्यावर तो आतच अडकतो आणि कडकपणा येतो. पुन्हा थोडे तापवल्याने त्यातला अतिरेक जातो. बारावीचे रसायनशास्त्र यापुढे तुला कोरडे वाटणार नाही. मामांना कार्बनचे नाव ठाऊक नव्हते, पण रंग ठाऊक होते. तुला दोन्ही ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा.

आता न मोडण्याचे नियम :

१. डोळ्यांवर चष्मा, अंगावर सुती कपडे, पायात बूट. टेरिलीनचे कापड वितळून कातडीला चिकटते. ओढणी, पदर खोचलेला असावा.

२. जस्ताचा मुलामा दिलेले पाईप आणि पत्रे भट्टीत कधीही घालू नयेत. तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. रंग दिलेले, क्रोमचा मुलामा असलेले लोखंडही नको.

३. लाल दिसत नाही म्हणजे गार झाले असे नाही. काळे दिसणारे लोखंड चारशे अंशांवर असू शकते. हाताची पाठ जवळ नेऊन पाहिल्याशिवाय काही उचलू नये.

४. खाली माती किंवा वाळू असावी. काँक्रीटवर तापलेले लोखंड पडले तर टवके उडतात. पाण्याची भरलेली बादली जवळ हवीच, पण ती तेलासाठी नव्हे.

५. भट्टी पेटलेली असताना एकट्याने राहायचे नाही, आणि लहान मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही.

६. अवजारेच करायची, शस्त्रे नाहीत. व्हिडिओंत तलवारी आणि मोठे सुरे पाहून मुलांना मोह होतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेले, नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार त्याच्या कक्षेत येते. गरिबाच्या मुलाच्या घरात ‘छंद म्हणून’ केलेली तलवार सापडली, तर त्याचे म्हणणे कोण ऐकून घेईल? वर्षांची मेहनत एका दिवसात पाण्यात जाईल.

आणखी एक. आपल्याकडे घिसाडी समाजाचे लोक पाल टाकून रस्त्याकडेला विळे, खुरपी, कुऱ्हाडी करतात. ही भटकी माणसे. भट्टी हा त्यांचा छंद नाही, पोट आहे. त्यांच्याजवळ बसून शिकावे, पण त्यांच्याकडून एखादे अवजार विकत घेऊन, भाव न पाडता. त्यांच्या बायका घण कसा मारतात हेही पाहावे. म्हणजे मुलीला हे काम जमेल का, हा प्रश्न कोणाला पडणार नाही. भावाच्या भट्टीजवळ बहिणीला नुसते कोळसे आणायला उभे करू नका, तिच्याही हाती हातोडा द्या.

ताई, अभ्यासाचे तास आधी ठरवून घ्या. भट्टी फक्त रविवारी, आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत बंद. एवढे त्याने पाळले तर त्याला अडवू नका. शेजाऱ्यांनी पुन्हा विचारले तर सांगा, ‘तो काय होणार हे त्याचे तो ठरवील.’ त्याने केलेली ती छिन्नी मात्र त्याच्या वडिलांना कामावर न्यायला द्या. ती टिकते की नाही, हे भिंत फोडतानाच कळेल.