मदत नक्की कोणासाठी?

गेल्या टर्ममध्ये ताप आल्याने मी तीन दिवस शाळेच्या दवाखान्यात होतो. परत आल्यावर कळले की आमच्या डॉर्मिटरीतल्या सातवीच्या एका ज्युनियरला इन्स्पेक्शननंतर रगडा लागला. त्याचा बेड नीट लावलेला नव्हता. लागणार कसा? तो शाळेत आल्यापासून रोज मीच लावून देत होतो. सगळे मला चांगला सीनियर म्हणत आणि मला ते आवडे. त्या दिवशी वाईट वाटलेच, पण मनात हेही आले, 'बघा, मी नसलो की याचे काय होते!' या विचाराची मला आज लाज वाटते.

सुट्टीत बंगळुरूला, सर्जापूर रोडवरच्या घरी गेलो, तर तिथेही तेच. आजी साताऱ्याहून आमच्याकडे आली तेव्हा तिला कन्नड येत नव्हते. भाजीवाल्याशी मीच बोलायचो. या वेळी मी पिशवी उचलली, तर ती म्हणाली, "तू बस, मी आणते." आता ती गाडीवाल्याला सरळ 'एष्टु?' म्हणून भाव विचारते आणि नको असेल तर 'बेडा' म्हणून पुढे जाते. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र हिरमुसलो.

याच सुट्टीत बाबा आमटे यांच्याविषयी वाचले. पावसात पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम पाहून ते घाबरून पळाले होते. मग त्या भीतीचीच लाज वाटून ते परत गेले आणि त्याची सेवा केली. आपण हे काम कोणाला मदत करायला नव्हे, तर स्वतःची भीती घालवायला हाती घेतले, असे ते उघडपणे सांगत. पुढे १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झाले. तिथे कुष्ठरोगी दानावर बसून राहिले नाहीत. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, कापड विणले.

म्हणजे बाबांच्या सेवेमागेही स्वतःचे कारण होते. पण त्यांनी ते लपवले नाही आणि कोणाला आपल्यावर अवलंबूनही ठेवले नाही.

काही मित्र म्हणतात, हेतू काहीही असो, काम झाले ना? मला हे पटत नाही. हेतू कामात उतरतोच. माझी गरज कोणाला तरी लागावी असे मला वाटत होते, म्हणून मी त्या ज्युनियरला बेड लावायला कधी शिकवलेच नाही. पण हेतू पूर्ण शुद्ध होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणेही चूक. तसे झाले असते, तर तुळशीराम पावसातच राहिला असता. म्हणून मदत करताना स्वतःला एवढेच विचारावे: उद्या याला माझी गरज आजच्यापेक्षा कमी लागेल का?

सुट्टीनंतर पहिल्याच रविवारी मी त्या ज्युनियरला चादरीचे कोपरे दुमडायला शिकवले. चार दिवस ते वाकडेच आले. आता तो स्वतः बेड लावतो आणि माझ्याकडे फारसा येत नाही. थोडे चुकल्यासारखे वाटते. पण ते माझे मी बघेन.