आकडे जवानांचे, प्रश्न घराचा

सशस्त्र दलांतील आत्महत्यांचा विषय संसदेला नवा नाही. जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत लष्करात ६४२, हवाई दलात १४८ व नौदलात २९ अशा एकूण ८१९ आत्महत्यांची नोंद झाली. या हिशेबात जवानांच्या कुटुंबीयांना मात्र रकाना नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशभरात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के प्रकरणांत कौटुंबिक समस्या, तर १८ टक्के प्रकरणांत आजारपण हे कारण नोंदले गेले. गणवेशातले घर असो वा नागरी, प्रतिबंधाची सुरुवात घराला सोबत घेऊनच करावी लागेल.

कायदा यासाठी पुरेसा उदार आहे. मे २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. पुढील उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा, आपला प्रतिनिधी निवडण्याचा आणि गोपनीयतेचा हक्कही रुग्णाला मिळाला.

अडचण अंमलबजावणीत आहे. लष्कराच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीत मानसिक स्थिती हा पहिलाच निकष आहे. श्रेणी घसरली की नेमणूक आणि पदोन्नतीवर परिणाम होतो. शस्त्र हाताळणाऱ्याची तंदुरुस्ती तपासणे हे दलांचे कर्तव्यच. पण मदत मागणे म्हणजे नोकरी धोक्यात घालणे, असा समज झाला तर जवान बोलत नाही आणि त्याची पत्नीही गप्प राहते.

‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात आला. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र दूरध्वनी ठेवल्यानंतर रुग्णाची विचारपूस कोण करणार, हा प्रश्न उरतोच. चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रयत्नातून वाचलेल्यांशी दीड वर्ष ठरावीक अंतराने संपर्क ठेवला असता मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे घटल्याचे दिसले.

बदलीच्या आणि स्थलांतराच्या जीवनात नेमका हाच धागा तुटतो. गाव बदलते, डॉक्टर बदलतो, औषध थांबते. छावणीतल्या कुटुंबाची ही कथा राजधानीत पोटासाठी आलेल्या कुटुंबाचीही आहे. आत्महत्यांचे मृत्युप्रमाण २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय धोरणाने २०२२ मध्ये ठरविले. तेव्हा संसदेत यापुढे मृतांच्या संख्येबरोबरच आणखी एक प्रश्न विचारला जायला हवा : वाचलेल्यांपैकी किती जणांच्या घरी पुन्हा विचारपूस झाली?