पहिल्या पाण्याची घाई

रोप नव्या कुंडीत बसवले, माध्यम दाबले आणि झारीने चिंब भिजवले की काम संपले, असे आपल्याकडच्या बहुतेक रोपवाटिकांत धरले जाते. गुलाब, जास्वंद, क्रोटन यांच्यासाठी ही रीत रास्तच आहे. त्यांची पाने दिवसभर बाष्प टाकत असतात. तुटलेल्या मुळांना पाणी मिळाले नाही तर रोप संध्याकाळपर्यंत मान टाकते. तीच रीत सक्युलंटना लावली की पावसाळ्यात मूळकुजीने गेलेल्या कुंड्यांचा ढीग वाढतो आणि दोष कधी कोकोपीटला, कधी बुरशीला, कधी माल पाठवणाऱ्याला दिला जातो. आमचे म्हणणे असे, की सक्युलंटच्या बाबतीत पहिले पाणी हा कुंडी भरण्याचा शेवटचा टप्पा नाहीच. तो स्वतंत्र निर्णय आहे आणि तो मुळांची अवस्था पाहून घ्यायचा असतो.

हात कितीही हलका असला तरी जुनी माती झाडताना मुळे तुटतात, आणि केशमुळांपैकी तर फारच थोडी शाबूत राहतात. म्हणजे कुंडी बदलल्यावर काही दिवस रोपाची पाणी ओढण्याची ताकद सर्वांत कमी आणि उघड्या जखमा सर्वांत जास्त असतात. नेमक्या याच दिवसांत आपण त्याला पाण्यात बसवतो. जखम हवेशीर, कोरडसर माध्यमात सुकते आणि तिच्यावर संरक्षक थर धरतो. ओल्या माध्यमात मात्र पिथियम आणि फायटोफ्थोरा यांचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत, मुळांतून पाझरणाऱ्या रसाच्या रोखाने जातात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेले मूळ गुदमरते आणि जखम भरायला लागणारी ताकदही गमावते. लहान कुंडीत हे अधिकच होते. पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक संपृक्त थर उरतो. त्याची उंची माध्यमाच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक कोकोपीटने भरलेल्या तीन इंची कुंडीत मुळांच्या वाट्याची बरीचशी जागा हा थरच व्यापतो. तळाला खडी घालण्याचा आवडता उपायही फसवा आहे, कारण त्याने थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो.

रोप तेवढे दिवस तगेल का, ही शंका साहजिक आहे. अनेक सक्युलंट पर्णरंध्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा ती मिटून घेतात. बाष्प उडते ते थोडेच, आणि पानांत वा खोडात साठा असतोच. पुरावा आपल्या व्यवहारातच आहे. निवडुंग आणि अडेनियम उघड्या मुळांनी, कागदात गुंडाळून, खोक्यातून येतात आणि दिवसेंदिवस पाण्याविना प्रवास करूनही लागतात. खोक्यात जे जगले ते कुंडीत चार दिवस कोरडे राहिल्याने मरेल, हे पटणारे नाही. पाणी तोडणे आपल्या बागायतीला नवेही नाही. नागपुरी संत्र्याचा बागाईतदार बहार धरण्यासाठी ताण देतोच. तिथे हेतू फुलांचा असतो, इथे जखमेचा.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. वाळवंटी वनस्पती पाऊस पडताच काही तासांपासून काही दिवसांत नवी बारीक मुळे फोडतात, मग कोरड्या माध्यमात मुळे फुटायची कशी? पार्क नोबेल यांनी सोनोरन वाळवंटातल्या अगेव्हवर केलेल्या कामात हे चित्र स्पष्ट आहे. दुष्काळात मूळ आकसते, मूळ आणि माती यांत हवेची फट पडते, त्यामुळे रोपातले पाणी मातीकडे फारसे परत जात नाही. पाऊस आला की नवी मुळे फुटून शोषण लवकर पूर्ववत होते. पण तो पाऊस न दुखावलेल्या मुळांवर आणि लवकर सुकणाऱ्या भरड मातीवर पडतो. आपल्या कुंडीत दोन्ही गोष्टी नसतात. शिवाय हाच पुरावा आमच्या बाजूने अधिक बोलतो: पाणी मिळताच मुळे इतक्या चपळाईने कामाला लागत असतील, तर काही दिवस थांबण्याची किंमत फारच कमी आहे. अर्थात थांबणे म्हणजे महिनाभर विसरणे नव्हे. लांबलेल्या कोरडेपणात उरलीसुरली बारीक मुळेही वाळतात, आणि काही संग्राहक हाही अतिरेक अभिमानाने करतात. वाफशापेक्षा थोडे कोरडे माध्यम भरणे हा त्यातला शहाणा मध्य आहे.

किती थांबायचे, याला एकच आकडा देणे आम्हाला मान्य नाही. मातीचा गोळा न फोडता सरकवलेल्या रोपाला जखमच नाही; त्याला दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला हरकत नाही. बियांपासून वाढवलेली नखाएवढी रोपे आणि नाजूक मुळांच्या लहान हावर्थिया फार थांबवू नयेत, त्यांच्यापाशी साठाच तोकडा असतो. चार-दोन मुळे तुटली असतील तर पाच-सहा दिवस. अडेनियम किंवा युफोर्बियाची जाड मुळे कापली असतील तर आठवडा ते पंधरवडा, आणि कोकणातल्या दमट जुलैत त्याहून थोडे अधिक. लाल-पिवळा रंगीत कलमी निवडुंग हा वेगळाच प्रकार. त्याचा खुंट बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या कुळातला, म्हणजे पाणी खुंटाच्या सोयीने द्यायचे. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या कुंडीत कोरडी मुळे भाजतात, हा आक्षेप खरा आहे, पण त्यावर उत्तर पाणी नसून त्या महिन्यात कुंडी न बदलणे हे आहे. तातडीच असेल तर दाट सावली द्यावी.

या काळात पाने थोडी सुरकुततात आणि तिथेच धीर सुटतो. तहानलेले पान पातळ, लवचिक होते आणि सुरुवात बहुधा खालच्या जुन्या पानांपासून होते. कुजीचे पान पिवळट, पाणथळ, काचेसारखे दिसते आणि बोट लावताच फुटते. दुसरे लक्षण दिसल्यावर पाणी घातले तर रोप गेलेच.

राहिली मजुरीची अडचण. पाइपने सगळ्या वाफ्यांवर एकदम पाणी मारणाऱ्याला कोणती कुंडी कालची आणि कोणती महिन्याची, हे कळणार नाही, हे खरे. म्हणून नव्या कुंड्यांचा ट्रे पाइपच्या वाटेबाहेर, पावसापासून आडोशाला ठेवावा आणि ट्रेवर कुंडी भरल्याची तारीख व मुळे कापली की नाही, एवढे लिहावे. विक्रीच्या चिठ्ठीवरही ‘आठवड्यातून एकदा पाणी’ याऐवजी हीच तारीख आणि पहिल्या पाण्याचा दिवस छापता येईल. परवा भरलेली कुंडी आज विकायची असेल, तर गिऱ्हाईक घरी जाऊन पहिल्यांदा झारीच हातात घेणार, हे धरूनच ती काउंटरवर मांडावी.