‘ओघवता’ म्हणू नका

गेल्या वर्षी मी केलेला एका तमिळ कथासंग्रहाचा मराठी अनुवाद निघाला. प्रकाशक लहान, प्रती पाचशे. दोन महिन्यांत पाच परीक्षणं आली. पाचांत मिळून अनुवादाच्या वाट्याला एकच शब्द: ‘ओघवता’. एकाने ‘प्रवाही’ लिहिलं होतं, एवढाच काय तो मतभेद.

मी खूश होते. मग एका संध्याकाळी अंबत्तूरमधले आमचे शेजारी पुस्तक घेऊन आले. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, नोकरी इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये झालेली. देवनागरी सावकाश वाचतात. मूळ कथा त्यांनी तमिळमध्ये वाचलेल्या. म्हणाले, “ही बाई आत्याशी का भांडते? ती सासू ना तिची?”

सासूच. तमिळमध्ये ‘अत्तै’ म्हणजे आत्या, मामी आणि सासूही. मी ‘आत्या’ लिहून मोकळी झाले. आपल्याकडे सासूला ‘आत्याबाई’ म्हणत, हा शब्द हाताशी असताना!

परीक्षकांना तमिळ येत नाही, मान्य. पण लग्न झालेली भाची आत्याच्या घरात का नांदते, हा प्रश्न पडायला तमिळ लागत नाही. पुस्तक वाचावं लागतं.

यावरचं उत्तर मला पाठ आहे: ‘छोट्या प्रकाशकाला सांभाळून घ्यायला हवं.’ या सबबीखाली मीही मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून परीक्षणं लिहिली आहेत. पण छोट्या प्रकाशकाकडे अनुवाद मुळाशी ताडून पाहणारा संपादक बहुधा नसतो. म्हणजे कठोर वाचनाची गरज त्यालाच जास्त. आपण त्याला कौतुक देतो आणि वाचन नाकारतो.

बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा ‘हार्ट लॅम्प’ हा इंग्रजी अनुवाद शेफील्डच्या ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनाने काढला. 2025 चं इंटरनॅशनल बुकर त्याला मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला कथासंग्रह. बक्षिसाचे 50,000 पौंड लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मे-निम्मे. त्यांनी कन्नड शब्द तिरप्या टायपाविना, तळटीपांविना तसेच ठेवले. ते काहींना रुचलं, काहींना खटकलं. निदान चर्चा झाली ती अनुवादकाच्या निर्णयांची.

आणि शेफील्डपर्यंत कशाला जायचं? याच शहरात 1959 साली सी. सु. चेल्लप्पा यांनी पदरमोड करून ‘एळुत्तु’ हे मासिक काढलं, ते साहित्याची चिकित्सा व्हावी म्हणून. हेच गृहस्थ पुस्तकांचं ओझं वाहून ती स्वतः विकत फिरत. छोट्या प्रकाशकाचे हाल त्यांना कुणी सांगायला नको होते. तरी त्यांनी सवलत मागितली नाही, टीका मागितली.

तेव्हा परीक्षकहो, अनुवादाला एक परिच्छेद द्या. एक वाक्य उचला, ते का जमलं किंवा का फसलं ते लिहा. मला झोडायचं असेल तर झोडा.

दुसरी आवृत्ती निघाली तर ‘आत्या’ची ‘आत्याबाई’ होईल. ती होईल शेजाऱ्यांमुळे. पाच छापील परीक्षणांमुळे एक काना-मात्राही हलणार नाही.