रडणं वेगळं, हिशोब वेगळा



पुढाऱ्याचा घोटाळा बाहेर आला की थोड्याच दिवसांत त्याची सभा लागते. मांडव पडतो, माणसं आणायला गाड्या येतात, नाचायला आपलीच पोरं. साहेब बोलायला उठतात आणि त्यांचा गळा भरून येतो. "मी पण आदिवासी आईचंच लेकरू. हा हल्ला माझ्यावर नाही, समाजावर आहे." आपल्या बाया पदर डोळ्याला लावतात. सभा संपते. पैशाचं काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

हे सगळीकडे चालतं. अमेरिकेत 1952 साली रिचर्ड निक्सन उपाध्यक्षपदाला उभे होते. पैसेवाल्या पाठीराख्यांनी त्यांच्या राजकीय खर्चासाठी 18,000 डॉलरचा फंड जमवला होता, ते पेपरात आलं. उमेदवारी जायची पाळी आली. तेव्हा 23 सप्टेंबरला ते टीव्हीवर अर्धा तास बोलले. घरावरचं कर्ज सांगितलं. बायकोकडे भारी कोट नाही, साधा कापडी आहे, हे सांगितलं. मग म्हणाले, आमच्या पोरींना एकाने कुत्रा भेट दिलाय, त्यांचा त्याच्यावर जीव आहे, तो काही आम्ही परत देणार नाही. आता बघा, कुत्र्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं! विचारलं होतं फंडाचं. पण लोक विरघळले, पाठिंब्याच्या तारांचा ढीग पडला, निक्सन निवडून आले. पुढे अध्यक्षही झाले आणि 1974 साली वॉटरगेट प्रकरणात त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्याकडे आदिवासी विकास विभागाच्या 2004 ते 2009 मधल्या योजनांची चौकशी हायकोर्टाच्या आदेशावरून निवृत्त न्यायाधीश गायकवाड यांच्या समितीने केली. वस्तू आपल्या नावाने घ्यायच्या आणि आपल्यापर्यंत धड पोचायच्याच नाहीत, हे आपण घरोघर बघितलंय. अशा वेळी प्रश्न साधे असतात. माल किती आला? कुणाला दिला? बिल कितीचं? सही कुणाची? यातल्या एकाचंही उत्तर रडण्यात नसतं.

रडणारा खोटंच रडतो असं आम्ही म्हणत नाही. दारात कुणी रडत आला तर त्याला पाणी द्यायचं, बसवायचं, ही आपली रीत आहे. ती सोडायची नाही. पण दुःखाच्या घरी आपण तांदूळ घेऊन जातो म्हणून त्या घराकडची उसनवारी फिटत नाही. दोन्ही वेगळं. आणि समाजावर हल्ला म्हणाल, तर समाजाचा पैसा खाल्ला तेव्हाच तो झाला.

म्हणून सभेत भांडू नका. प्रश्न ग्रामसभेत लावा. पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीने खर्च केलेल्या पैशाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडूनच घ्यावं लागतं. हिशोब वाचून दाखवल्याशिवाय ते देऊ नका. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून बघा, मगच अंगठा किंवा सही करा. विभागाच्या योजनेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या वेळी साहेब रडले तर शांतपणे ऐकून घ्या. पाण्याचा तांब्या पुढे करा. आणि मग विचारा, "साहेब, ते बिल कुठाय?"